फाल्गुनातील हिरवळ



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्ही गवतावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले. परंतु मंडळाच्या प्रांगणातील हिरवळ काढून तेथे फरशी बसवावी, अशी सूचना सध्या विचाराधीन आहे. संमेलन, हळदीकुंकू आणि मुलांच्या स्पर्धा आटोपल्या की ते प्रांगण पिवळे, टणक आणि जागोजागी उघडे पडलेले दिसते. तेव्हा सूचना करणाऱ्यांना दोष देता येत नाही. निर्णयापूर्वी त्या गवताची बाजू आपल्यापुढे मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

हिरवळ राखण्याची विद्या पुष्कळशी गोल्फच्या मैदानांवर वाढली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा जो पट्टा असतो, त्याला ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे पावसाचे पाणी ठरत नाही, मुळे खोल जातात आणि गवत आखूड, दाट राहते. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा 1864 पासून 1903 पर्यंत टॉम मॉरिस यांच्याकडे होती. हिवाळ्यात तुडविल्या गेलेल्या गवतावर बारीक वाळू पसरून त्याला उभारी देण्याची त्यांची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. आपल्या देशातही कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 पासूनचा आहे. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी राहिलेली नाही.

परंतु ती जशीच्या तशी उचलून चालत नाही. हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. एका वर्षी आम्ही मंडळींनी उत्साहाच्या भरात नर्मदेची वाळू आणून प्रांगणावर बोटभर जाडीचा थर दिला. खाली आपली चिकण काळी माती, वर वाळू. दोहोंचा मिलाफ झालाच नाही. आषाढात पाणी त्या थरात साचले आणि मुळे कुजली. लिंक्सवर वाळू मुळातच खोलवर असते. येथे ती मातीत उतरण्यासाठी वाट करून द्यावी लागते.

दुसरा भेद ऋतूचा. तेथील गवत थंडीला सरावलेले. आपली हरळी, जिला येथे दूब म्हणतात, उन्हाची लेक आहे. जबलपूरच्या पौष-माघात रात्री गारठल्या की ती वाढ थांबविते आणि रंग टाकते. ते मरण नव्हे, निद्रा होय. खात्री करावयाची असल्यास एक कांडी उपटून तिचे पेर नखाने खरवडावे. आत पांढरे-हिरवे दिसले तर ती जिवंत आहे. रात्रीचा गारठा सरून पेरांना कोंब दिसू लागले, म्हणजे साधारणतः फाल्गुनात, कामाला हात घालावा. त्याआधी खत देणे व्यर्थ.

कामाचा क्रम असा. प्रथम गाजरगवत आणि नागरमोथा खुरप्याने काढावा. नागरमोथ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर श्रम फुकट जातात. मग गवत एकदाच आखूड कापून, दाताळ्याने वाळलेला थर ओढून काढावा, म्हणजे ऊन जमिनीस लागते. त्यानंतर माती किंचित ओली असताना पहारीने 10-10 सेंटीमीटर अंतरावर तितकीच खोल छिद्रे पाडावीत. चाळलेली वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून 3 ते 5 मिलिमीटरांचा पातळ थर द्यावा आणि झाडूने छिद्रांत उतरवावा. उघड्या जागी हरळीच्या कांड्या लावाव्यात. गवत हिरवे झाल्यावर 100 चौरस मीटरला 1 किलो युरिया दोन हप्त्यांत विभागून द्यावा व लगेच पाणी सोडावे. पाणी रोज शिंपडू नये. आठवड्यातून दोनदा पहाटे, ओल वीतभर खाली जाईल इतके द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि वैशाखाच्या उन्हात होरपळतात. पुढे दर कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घेऊ नये, आणि हे सारे होईपर्यंत दीड महिना प्रांगण बंद ठेवावे. अडचण आहे ती एवढीच.

आपल्याच शहरात 1964 मध्ये कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि 1989 पासून तणांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आहे. शेतकऱ्याच्या हिशेबी हरळी हे चिवट तणच. उपटली तरी राहिलेल्या पेराला मूळ फुटते, म्हणून तो तिच्यावर रागावतो. आणि त्याच गुणामुळे तुडविलेले अंगण ती पुन्हा भरून काढते. तिच्याच कोवळ्या दूर्वांच्या एकवीस जुड्या आपण भाद्रपदात गणरायाला वाहतो. आजवर त्या आपल्या मुलांनी याच प्रांगणातून खुडून आणल्या. फरशी झाली तर त्या बाजारातून येतील. पूजा होईल, परंतु दूर्वा कशी ओळखावी हे मुलांना शिकविण्याची जागा उरणार नाही. गाव सोडून आलेल्या घरांना असे छोटे धडेच भाषेइतके जपावे लागतात.

म्हणून आमची विनंती इतकीच, की फरशीचा ठराव एक फाल्गुन पुढे ढकलावा. पहारी आणि घमेली आम्ही आणतो. प्रत्येक घरातून एका रविवारी दोन हात यावेत. पावसाळा सरताना हिरवळ भरली नाही, तर फरशीच्या बाजूने पहिला हात आम्हीच वर करू.