चहावर मारलेली भूक

खुरपणीला जाताना आपण सकाळी काय खातो? चहा, फार तर दोन बटर. दहाच्या सुमाराला पुन्हा चहा. भूक मरते, भाकरी फडक्यात तशीच राहते. घरी आल्यावर पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं उभ्या उभ्या तोंडात टाकतो आणि म्हणतो, "मी कुठं काय खाल्लं?" खरंच आहे ते. पोटात गेलं, पण जेवण झालं नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. त्यात जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. तो तासाभरानं प्यावा.

चहा सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. आमच्यानंही सुटलेला नाही. पण गटाच्या बैठकीला आता फरसाणाच्या पुड्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असतो. पहिल्या दिवशी निम्म्याजणींनी आपला वाटा पदरात बांधून पोरांसाठी नेला! म्हणून आता ठरलंय, आपला वाटा इथंच, बसून संपवायचा. पोरांसाठी वेगळा न्या.