उसातला बिबट्या : वाट चुकलेला की वस्तीला राहिलेला?



गावात बिबट्या दिसला की आपण म्हणतो, जंगलातून वाट चुकून आला असेल, धरून परत सोडून द्या. ही समजूत बरोबर नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात कालव्याचे पाणी आले आणि ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. दाट आडोसा, जवळ पाणी आणि वस्तीभोवती मोकाट कुत्री व शेळ्या, एवढे बिबट्याला पुरते. अकोले परिसरातील शेतीपट्ट्यात अभ्यासकांनी स्वयंचलित कॅमेरे लावले. तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्याच्या खाद्यात कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा होता.

मादी सुमारे तीन महिने गाभण राहते आणि बहुधा दोन-तीन पिले देते. ऊसतोडीत पिले सापडतात ती याच फडात जन्मलेली. त्यांनी जंगल पाहिलेलेच नसते.

मग धरून दुसरीकडे सोडले तर? जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले एकदम वाढले. पकडलेले बिबटे जेथे सोडले, त्या परिसरात हल्ले वाढल्याचे पुढे अभ्यासात दिसून आले. शिवाय रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येतो. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त वनखात्याने करायलाच हवा. पण सगळ्यांना हलवून प्रश्न सुटत नाही.

म्हणून आपण पुढील काळजी घ्यावी :

१) शेळ्या-वासरे रात्री चारही बाजूंनी व वरून बंद असलेल्या गोठ्यात ठेवावीत.

२) लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटे अंगणात सोडू नये. उसाला लागून उघड्यावर झोपू नये.

३) रात्री पाणी धरायला एकट्याने जाऊ नये. बॅटरी व काठी बाळगावी. शेतात वाकून काम करताना सोबत कोणी तरी उभे असावे.

४) मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री जमतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

५) पिले दिसल्यास हात लावू नये. तोड थांबवून दूर व्हावे व वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिलांसाठी चवताळलेली मादी जवळच असते.

६) जनावर मारले गेल्यास ते न हलवता लगेच कळवावे. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

बंधूंनो, बिबट्या आपल्या शिवारात राहतो, हे धरूनच गोठा बांधा आणि मुलांना सांभाळा.