जिराफाची मान आणि माणसाची हौस



काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहावयास गेली होती. जिराफाच्या आवारापाशी मुले ‘केवढा उंच!’ म्हणून ओरडली. तेवढ्यात त्या प्राण्याने पाणी पिण्यासाठी पुढचे दोन्ही पाय दोहोंकडे फाकविले, मान खाली घातली आणि काही वेळाने ती पुन्हा वर नेली. सहावीतला एक मुलगा मला विचारू लागला, “सर, मी वाकून एकदम उठलो तर मला घेरी येते. ह्याला कशी येत नाही?” मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा ह्या उंच प्राण्याविषयी कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटू लागली.

जिराफाचे मस्तक त्याच्या हृदयापासून सुमारे दोन मीटर उंचीवर असते. तेथवर रक्त चढवावयाचे म्हणजे खोल विहिरीतून अहोरात्र पाणी ओढण्यासारखेच काम! म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या सुमारे दुप्पट असतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत चांगली जाड असते. मान खाली गेली की हाच दाब मेंदूवर कोसळावयाचा. परंतु मानेतील मोठ्या शिरांना झडपा आहेत आणि मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. पायांत सूज उतरू नये म्हणून तेथील कातडी घट्ट बांधलेल्या पट्टीसारखी आवळलेली असते. गंमत अशी की, एवढ्या लांब मानेत मणके मात्र सातच. तुमच्या-आमच्या मानेत असतात तितकेच.

हा सारा संसार उंचीच्या आधारावर उभा आहे, आणि तीच उंची त्याला गोत्यात आणते. पाय फाकवून पाणी पिताना त्याला चटकन पळता येत नाही. सिंहाला हे पक्के ठाऊक असते. पशुवैद्यालाही जिराफास गुंगीचे औषध देणे जिवावरचे वाटते. तो कोसळला तर मान दुखावते, आणि आडवा पडला तर माणसांना त्याची मान तोलून धरावी लागते.

आता माणसाच्या हौसेकडे वळू. इजिप्तच्या सुलतान कैतबेने फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो द मेदिचीला धाडलेला जिराफ 1487 साली त्या नगरीत आला. लोक त्याच्यावर लुब्ध झाले. पण थोड्याच काळात गोठ्याच्या तुळयांत डोके अडकून त्याची मान मोडली, असे सांगतात. गोठा बांधणाऱ्याने पाहुण्याची उंची मोजली असेल. तो मान कशी हलवतो, हे पाहावयाचे मात्र राहून गेले!

पुढे इजिप्तच्याच महंमद अलीने तीन पिल्ले युरोपात पाठविली. एक इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाकडे 1827 साली पोहोचले. लहानपणी त्याला उंटाच्या पाठीवर बांधून वाळवंटातून आणले होते. त्यात अधू झालेले पाय पुढे शरीराचा भार सोसेनात. अखेरीस त्याला उभे करण्यासाठी कप्पीचा सांगाडा उभारावा लागला. तत्कालीन व्यंगचित्रकारांनी राजाची आणि त्याच्या जिराफाची मनसोक्त टर उडविली. 1829 साली ते बिचारे जनावर मेले.

दुसऱ्या पिल्लाचे नशीब निराळे. ही मादी फ्रान्सच्या दहाव्या शार्लसाठी होती. जहाजाच्या तक्तपोशीला भोक पाडून तिची मान वर काढली होती, आणि दुधासाठी गाई बरोबर घेतल्या होत्या. 1826 च्या ऑक्टोबरात ती मार्सेयला उतरली. पुढे पॅरिसपर्यंतची सुमारे 880 किलोमीटरची वाट तिने पायीच चालावी, असे ठरले. थोर प्राणिशास्त्रज्ञ एत्येन झोफ्र्वा सेंत-इलेर पंचावन्न वर्षांचा, संधिवाताने गांजलेला; तोही तिच्यासंगे चालला! पावसासाठी तिला मेणकापडाचा अंगरखा शिवला होता. 20 मे 1827 रोजी निघालेली ही मंडळी 30 जूनला पॅरिसला पोहोचली. वाटेत गावेच्या गावे लोटली होती. अतीर नावाचा तिचा सेवक पुढेही तिची निगा राखीत राहिला. 1845 पर्यंत ती जगली.

आमच्या काळाने ह्यातून काय घेतले? 2014 साली दक्षिण आफ्रिकेत दोन जिराफांना उघड्या मालमोटारीतून हमरस्त्याने नेत होते. वरून जाणाऱ्या पुलावर एकाचे डोके आपटले आणि ते दगावले. फ्लॉरेन्सची तुळई पाचशे वर्षांनी सिमेंटची झाली, एवढेच! 2017 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ‘एप्रिल’ नावाच्या मादीचे बाळंतपण दहा लाखांहून अधिक माणसांनी घरबसल्या पाहिले. तिच्या सांध्यांचा विकार मात्र वाढतच गेला, आणि 2021 साली डॉक्टरांनी तिला वेदनांतून सोडविले. त्या बातमीला पहिल्या बातमीएवढे वाचक मिळाले असतील, असे मला वाटत नाही.

2016 साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जिराफाची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत केली. राने शेतीखाली जात आहेत, चोरटी शिकार चालू आहे. तेथे झडपा आणि जाळी काय करणार?

पॅरिसला चालत गेलेली ती मादी पेंढा भरलेल्या रूपात आज फ्रान्समधील ला रोशेलच्या संग्रहालयात आहे. त्या मुलाला मी सहलीनंतर वर्गात उत्तर दिले. त्यावर त्याने विचारले, “सर, मग ती एवढे चालून दमली कशी नाही?”