वाळूवरचा फुटबॉल आणि आपण

(मंडळाच्या मकरसंक्रांतीच्या तिळगूळ समारंभात, जानेवारी २०२६ मध्ये केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



 बाहेर एवढं धुकं असताना, गाड्या पाच-पाच तास उशिराने धावत असताना, आपण सगळे वेळेवर आलात याबद्दल आभार. आम्हा रेल्वेवाल्यांना तेवढंही जमत नाही.

कार्यवाहांनी मला 'रेल्वे सुरक्षा आणि आपण' असा विषय सुचवला होता. त्यावर मी आधी दोनदा बोललो आहे, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या रांगेतले दोघे-तिघे झोपले होते. म्हणून आज विषय बदलला. युरोपातल्या बायका समुद्रकाठच्या वाळूत अनवाणी फुटबॉल खेळतात, त्यांच्या स्पर्धेबद्दल मी बोलणार आहे. आता कुणी झोपणार नाही अशी आशा आहे.

ह्या गृहस्थाचा वाळूतल्या फुटबॉलशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मी डिप्लोमाचा इंजिनियर. मानकनगरला रुळाखालच्या मातीच्या चाचण्यांत माझी नोकरी चालली आहे. वाळूशी संबंध आहे, फुटबॉलशी नाही. तो माझ्या धाकटीमुळे आला. कसा आला, ते शेवटी सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. ह्याला बीच सॉकर म्हणतात. मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानाच्या तुलनेत अंगणच. एका संघात गोलरक्षक धरून पाच खेळाडू. सामना बारा-बारा मिनिटांच्या तीन भागांचा. पायात बूट नाहीत. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, कारण वाळूत सलग कुणी टिकत नाही. फ्री किकच्या वेळी समोर खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. आणि सामना बरोबरीत सोडायचा नाही. निकाल लागलाच पाहिजे, जादा वेळेत किंवा पेनल्टीवर.

वाळूचे नियम माझ्या जिव्हाळ्याचे. ती किमान ४० सेंटिमीटर खोल हवी, सपाट केलेली हवी, आणि तिच्यात खडे, शिंपले काही नको. मी सवयीने हिशोब केला. ३७ गुणिले २८ मीटर, ४० सेंटिमीटर जाडी, म्हणजे सुमारे ४१४ घनमीटर वाळू. घनमीटरला दीड टन धरला तर ६२० टन. आपल्या बॉक्सएन मालगाडीच्या दहा-अकरा वाघिणी भरतील. अध्यक्ष साहेब घाबरू नका, मी मंडळाकडे तेवढी वाळू मागणार नाही.

गंमत अशी, की जी वाळू ह्या खेळाला लागते ती आम्ही रेल्वेत नापास करतो. रुळाखाली गिट्टी, तिच्याखाली एक थर असतो, त्याला आम्ही ब्लँकेट म्हणतो. त्यात लहान, मध्यम, मोठे असे सगळ्या मापांचे कण मिसळलेले लागतात. मोठ्यांच्या फटींत लहान बसतात आणि थर घट्ट होतो. समुद्रकाठची वाळू जवळजवळ एकाच मापाची आणि गोलसर. कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. पाय टाकला की सरकतात, आणि आपण जमिनीला दिलेला जोर त्यांना हलवण्यातच खर्च होतो. संशोधकांनी मोजलं आहे की कडक जमिनीच्या मानाने वाळूत चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागते, आणि पळायला दीडपटीहून थोडी जास्त. अशा वाळूत चेंडू सरळ घरंगळत नाही. तो उचलून, हवेतच ठेवून खेळावं लागतं. म्हणून ह्या खेळात उलट्या उडीतले, डोक्यावरून मारलेले गोल पाहायला मिळतात.

ब्राझीलच्या किनाऱ्यावर हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत होता. १९९२ मध्ये त्याचे नियम ठरले. १९९८ मध्ये युरोपात पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची लीग सुरू झाली. २००५ मध्ये फिफाने रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर विश्वचषक भरवला आणि तो फ्रान्सने जिंकला.

आणि बायका? युरोपात त्यांच्या राष्ट्रीय संघांसाठी 'युरो बीच सॉकर कप' सुरू झाला तो २०१६ मध्ये, पोर्तुगालमधल्या कास्काईश गावी. पुरुषांची लीग सुरू झाल्यावर तब्बल अठरा वर्षांनी. तोवर त्या मुली वाळूत खेळत नव्हत्या असं नाही. स्पर्धा नव्हती, एवढंच. एकदा दार उघडल्यावर मात्र २०१७ ला इंग्लंड, २०१८ ला स्पेन असे नवे विजेते आले. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक बीच गेम्समध्ये बायकांचं सुवर्णपदक स्पेनने मिळवलं, आणि २०२१ पासून युरोपात बायकांचीही लीग सुरू झाली.

आता एक प्रश्न विचारतो. २०१६ चा तो पहिला कप कुणी जिंकला असेल? यजमान पोर्तुगाल? किनाराच किनारा असलेला स्पेन? नाही. स्वित्झर्लंडने! ज्या देशाला समुद्राचा एक फूटही किनारा नाही, त्या देशाच्या मुलींनी. त्यांचे पुरुषही काही कमी नाहीत, २००९ च्या दुबईच्या विश्वचषकात त्यांनी थेट अंतिम फेरी गाठली होती. आपल्याकडेही तसंच झालं. २०२३ च्या सुरुवातीला सुरतच्या डुमस किनाऱ्यावर पुरुषांची पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा झाली. केरळ जिंकलं, ते समजण्यासारखं आहे. पण अंतिम सामन्यात समोर होता पंजाब!

तेव्हा 'आमच्याकडे समुद्र नाही' ही सबब लखनौकरांना चालणार नाही. आपल्याकडे निदान गोमती तरी आहे.

आणि लखनौचं नाव ह्या विषयात वेगळ्या कारणाने घ्यायला हवं. भारतात बायकांच्या खेळाची संघटना बांधण्याचं मोठं काम आपल्या ह्या शहरात झालं, हे किती जणांना ठाऊक आहे? मलाही दोन महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी लखनौला झाली. महेंद्रकुमार शर्मा ह्यांनी पुढाकार घेतला आणि बेगम हमीदा हबीबुल्ला पहिल्या अध्यक्ष झाल्या. मग पहिली राष्ट्रीय स्पर्धा कुठे झाली? पुण्यात! एप्रिल १९७३, संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे कल्पना लखनौची आणि मैदान पुण्याचं. आपल्यासारख्या दोन घरच्या पाहुण्यांना ह्याहून अभिमानाची गोष्ट कोणती?

त्या तीन संघांपासून निघालेली गाडी २ नोव्हेंबर २०२५ ला कुठे पोहोचली ते आपण सगळ्यांनी रात्री जागून पाहिलं. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. १९७३ पासून मोजलं तर वर्षंही ५२ च झाली. मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली आपल्या आग्र्याची दीप्ती शर्मा. त्या संघात रेल्वेच्याही मुली होत्या: रेणुका सिंह ठाकूर, स्नेह राणा, प्रतिका रावल. त्या दिवशी आमच्या कचेरीतल्या लोकांनी असे पेढे वाटले की जणू कॅच त्यांनीच घेतले होते.

फुटबॉलचंही तसंच. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ उभा राहिला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली सुलतानपूरला. आमच्या वाराणसी मार्गावरचं सुलतानपूर! त्यानंतर पाचच वर्षांत, जानेवारी १९८० मध्ये, कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक ह्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर मात्र बरीच वर्षं ही गाडी सायडिंगला उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असं हरवून आपला संघ २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरला, तेव्हा ती पुन्हा मेन लाइनवर आली असं म्हणू या.

आता घरची गोष्ट. ही सांगावी की नाही, ह्यावर सौ. शी चर्चा झाली. ती म्हणाली, सांगायची असेल तर पूर्ण सांगा.

माझी धाकटी नववीत आहे. दीड वर्षापासून शाळेत फुटबॉल खेळते. गेल्या पावसाळ्यानंतर तिने एक कागद आणून दिला. दुसऱ्या शहरात निवड चाचणी होती, दोन रात्रींचा मुक्काम, आणि खाली पालकाची सही. मी म्हटलं, बघू. कागद ऑफिसच्या बॅगेत ठेवला. सौ. ने दोनदा आठवण केली. मी दोन्ही वेळा म्हटलं, बघतो. मनात बरंच काही होतं. सोबत कोण जाणार, राहायची सोय कशी, अभ्यासाचं काय, आणि खरं सांगायचं तर उन्हात रापते त्याचंही होतं. पण ह्यातलं एकही वाक्य मी तिच्याशी बोललो नाही. तारीख निघून गेली. मग एका संध्याकाळी मीच विचारलं, अगं त्या कागदाचं काय झालं? ती म्हणाली, 'डेट निकल गयी, बाबा.' आणि बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवून आली.

महिन्याभराने माझ्या शेजारी बसून तिने मोबाइलवर हा वाळूतला खेळ दाखवला. म्हणाली, 'बघा, ह्यांना तर बूटही लागत नाहीत.' मी हसलो. ती हसली नाही.

त्या रात्री मी भुसावळला ताईला फोन केला. माझे वडील रेल्वेत गार्ड होते, आम्ही तिथल्या रेल्वे कॉलनीत वाढलो. ताई शाळेत शंभर मीटरला पहिली यायची, तीसुद्धा अनवाणी. नववीनंतर ते बंद झालं. मला वाटायचं तिचंच मन उडालं. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'अरे, बाबांनी मला तरी कुठे नाही म्हटलं होतं? त्यांचाही कागद राहूनच गेला होता.'

मंडळी, मी कुणाला उपदेश करायला उभा नाही. तो अधिकार मला नाही, हे आत्ताच सांगून झालं. पण अठरा वर्षं युरोपात तरी काय झालं असेल? 'बायकांनी खेळायचं नाही' असं कुणी फर्मान काढलं असेल असं मला वाटत नाही. कागद कुठल्या तरी बॅगेत राहिला असेल. आमच्या कामात रूळ एका दिवसात खचत नाही. खालचा थर हळूहळू सरकतो आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी काढून पाहिली. मुलगे: क्रिकेट, फुटबॉल, धावणे. मुली: रांगोळी, मेंदी, पाककला, गीतगायन. रांगोळीला माझा विरोध नाही. आमच्या घरातली बक्षिसाची ताटं सगळी रांगोळीचीच आहेत. पण ह्या यादीत मुलींना नको असं कुणी ठरवलं होतं का? कार्यवाहांना विचारलं. ते म्हणाले, नाही हो, कुणी विषयच काढला नाही.

म्हणून आज विषय काढतो. येत्या गणेशोत्सवात मुलींचा एक सामना ठेवू या. पाच-पाच जणी, बारा-बारा मिनिटांचे तीन भाग, पायात बूट असले तरी चालेल, नसले तरी चालेल. वाळू नाही, गवतावर. चुन्याच्या रेषा मी मारून देईन, माप चुकणार नाही ह्याची हमी आहे. सुनांनी आणि लेकींनी दोघींनीही नावं द्यावीत, वयाची अट नको. कोण हरेल ह्याची काळजी करू नका, ह्या खेळात बरोबरी नाहीच.

दहा नावं लागतील. आमच्या घरी विचारलं, तर उत्तर मिळालं, 'देखेंगे.' हा शब्द ती कुणाकडून शिकली ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी गप्प बसलो.

संमतीपत्रकं छापून आणली आहेत, दाराजवळ तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवली आहेत. शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत आहे. खाली सहीची जागा आहे. पेनही ठेवलं आहे. घरी नेऊ नका. इथेच करून जा.

तिळगूळ घ्या, गोड बोला.  गणपती बाप्पा मोरया!