वाटाड्याचा शब्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फुलंब्री येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च आणि शेती या विषयांचा विचार होतो, आणि तो तसाच व्हावयास हवा. आज आम्हांस हिमालयातील पदभ्रमणाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा हा विषय हौसेचा आहे, समाजकार्याचा नव्हे, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. परंतु समाजातील काही विद्यार्थ्यांस दरवर्षी मंडळाच्या खर्चाने हिमालयात पाठवावे, अशी सूचना आजच्या सभेपुढे आहे. तीवर मत देण्यापूर्वी तेथे काय असते, काय शिकावयास मिळते आणि जीव कोठे धोक्यात येतो, हे आपणांस ठाऊक असावे. आम्ही स्वतः गेल्या मे महिन्यात तेथे जाऊन आलो, म्हणून हे चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही फुलंब्री व आसपासच्या खेड्यांतील चौदा जण होतो. त्यांत दोन भगिनी होत्या. सर्वांत लहान सतरा वर्षांचा, आणि साठी उलटलेले आम्ही तिघे. जाण्यापूर्वी दोन महिने दर रविवारी कधी दौलताबादचा किल्ला, तर कधी म्हैसमाळची चढण असा आमचा सराव चालला होता. म्हैसमाळ म्हणजे आपल्याकडची थंड हवेची जागा. तिची उंची एक हजार मीटरच्या थोडी वर. आम्ही ज्या सांकरी गावातून चालावयास आरंभ केला, ते गावच म्हैसमाळच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. आणि जेथवर जावयाचे होते ते हर की दून सुमारे ३,५६६ मीटरवर आहे.

डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड असा सुमारे २०० किलोमीटरचा घाटरस्ता एका दिवसात काटून सांकरीस पोहोचावे लागते. नैटवाडला रूपिन व सुपिन या दोन नद्या एकत्र होतात आणि त्यांची टोन्स होते. ही टोन्स पुढे यमुनेस मिळते. संगमाच्या जागी टोन्सचे पाणी यमुनेहून अधिक असते, तरी पुढे नाव चालते ते यमुनेचेच. सांकरीपासून तालुका नावाच्या गावापर्यंत जीप जाते आणि तेथून खरी पायवाट लागते. सुपिनच्या काठाने, देवदार, अक्रोड आणि ओक यांच्या रानातून ती गंगाड व ओसला या गावांकडे चढत जाते. ओसल्याच्या समोर सीमा येथे मुक्काम होतो, आणि तेथून हर की दून आणखी एका दिवसाची मजल. हा सारा प्रदेश १९५५ साली स्थापन झालेल्या गोविंद अभयारण्यात येतो.

गावांतील घरे दगड व देवदाराच्या लाकडाची. खाली गुरे, वर माणसे. शेतात राजमा, बटाटा आणि चौलाई. ही चौलाई म्हणजे आपला उपासाचा राजगिराच, हे कळल्यावर आमच्या भगिनींस माहेरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. ओसल्यास लाकडी कोरीव कामाचे एक जुने मंदिर आहे. बाहेरचे लोक त्यास दुर्योधनाचे मंदिर म्हणतात. गावकरी सोमेश्वराचे म्हणून सांगतात. खोऱ्याच्या टोकाशी स्वर्गारोहिणीची शिखरे उभी आहेत. त्यांतील सर्वांत उंच शिखर सव्वासहा हजार मीटरांचे आहे. पांडव याच वाटेने स्वर्गास गेले, अशी लोकांची श्रद्धा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जुन्या काळी आपल्याकडे अनोळखी रानातून जाताना वाटाड्या घेत. हिमालयात हा वाटाड्या अजून आहे; लोक त्यास गाईड म्हणतात. आमचा वाटाड्या त्याच खोऱ्यातील, अवघा बावीस-तेवीस वर्षांचा. आमच्या नातवाहून फार मोठा नव्हे. त्याच्याबरोबर एक मदतनीस, एक स्वयंपाकी आणि दोन खेचरवाले. चालताना वाटाड्या पुढे व मदतनीस सर्वांच्या मागे. जो सर्वांत हळू चालेल त्याच्याही मागे आपला माणूस असलाच पाहिजे, हा त्यांचा नियम.

पहिल्याच दिवशी त्याने पहाटे पाचला उठविले, तेव्हा मंडळी कुरकुरली. कारण मागाहून कळले. आपली गिरिजा नदी उन्हाळ्यात आटते. तिकडचे ओढे उन्हाळ्यातच फुगतात, कारण त्यांचे पाणी बर्फाचे. रात्री थंडीने वितळणे मंदावते, म्हणून सकाळी ओढा गुडघ्याइतका असतो. दुपारी उन्हाने बर्फ वितळले की तोच ओढा माणसास उभे राहू देत नाही. शिवाय डोंगरात ढग व पाऊस बहुधा दुपारनंतर येतात. म्हणून लवकर निघावे व दुपारपर्यंत मुक्काम गाठावा. वरवर जाच वाटणाऱ्या त्याच्या प्रत्येक सांगण्यामागे असा काही हिशेब असे.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब उंचीचा. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच उरतो, आणि त्याच मानाने प्राणवायू प्रत्येक श्वासात कमी मिळतो. शरीर हळूहळू त्यास सरावते, पण त्यास अवधी द्यावा लागतो. डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. घाई केल्यास डोके दुखते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, झोप लागत नाही. येथवर विसावा घेऊन भागते. पण चालताना तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर तो मेंदूस वा फुप्फुसास सूज आल्याचा इशारा समजावा. त्यावर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. पहिलवान आणि किरकोळ माणूस असा भेद हा विकार मानीत नाही. उलट धट्टेकट्टे लोक झपाझप चढतात म्हणून तेच अधिक सापडतात.

आमच्या पथकात असेच झाले. पंचेचाळिशीचे एक सद्गृहस्थ, घरचे मोठे शेतकरी, अंगाने भक्कम. गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. सीमेच्या वरच्या मुक्कामावर रात्री त्यांचे डोके ठणकू लागले आणि दोनदा वांती झाली. पहाटे वाटाड्याने त्यांस एका सरळ रेषेत, पावलास पाऊल लावून चालावयास सांगितले. चौथ्या पावलास त्यांचा तोल गेला. वाटाडी पोर म्हणाला, "बाबूजी, आप ऊपर नहीं जाएँगे. अभी नीचे उतरेंगे." त्यांस ते झोंबले. आपण पैसे भरले आहेत, हर की दून अवघे काही तासांवर आहे, आणि हा कालचा पोर आपणांस परत पाठविणार, असे ते बोलले. त्या मुलाने आवाज चढविला नाही आणि आपला शब्दही मागे घेतला नाही. बाकीच्यांनी तेथेच थांबावे, मदतनीस त्यांजपाशी राहील, आपण स्वतः बाबूजींस घेऊन उतरतो, असे सांगून त्याने त्यांचा हात धरला. कोणी विचारावयाच्या आत खेचरवाल्याने त्यांची पिशवी आपल्या पाठीवर घेतली.

ते सीमेस पोहोचेपर्यंत वांती थांबली. तालुक्यास उतरल्यावर संध्याकाळी त्यांनी डाळभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा एकटा परत वर आला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही हर की दूनला गेलो. ते सद्गृहस्थ आज या सभेत बसलेले आहेत. हा प्रसंग नाव न घेता सांगावा, अशी त्यांचीच सूचना होती.

मंडळी, महाभारतात पांडव हिमालय चढताना एकेक करून कोसळले, आणि धर्मराज मागे न पाहता चालत राहिले, अशी कथा आहे. तेच धर्मराज शेवटी बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जावयास नकार देतात. आम्ही ही कथा वर्गात पुष्कळदा सांगितली होती. त्या डोंगरात मात्र वाटले की सोबत्यास खाली नेण्यासाठी जो हाताशी आलेली चढण सोडतो, त्याचा धर्म काही कमी प्रतीचा नव्हे.

हिमालयात वाट दाखविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे नैनसिंग रावत हे शाळामास्तर होते, ही आम्हां शिक्षकांस अभिमानाची गोष्ट. १८६३ साली सर्वेक्षण खात्याने त्यांस डेहराडून येथे शिकविले. मग ते यात्रेकरूच्या वेषात तिबेटात शिरले व १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले. त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांस ते एक मणी सरकवीत. अशा रीतीने पावले मोजून त्यांनी शेकडो मैलांचे अंतर नोंदविले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांस सुवर्णपदक दिले. आपल्या साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकरही १९१२ साली हिमालयात पायी हिंडले, आणि पुढे त्यांनी गुजरातीत लिहिलेले ते प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. आपल्याच जिल्ह्यातील पोलीस दलाचे शेख रफीक २०१६ साली एव्हरेस्टवर जाऊन आले. म्हणजे मराठवाड्याच्या माणसास हे जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ च्या जूनच्या आरंभी, त्याच उत्तरकाशी जिल्ह्यात, सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचे पथक हिमवादळात सापडले. बहुतेक कर्नाटकातील होते, आणि त्यांत उतारवयाची माणसेही होती. बरोबर वाटाडे असूनही नऊ जीव गेले. तेव्हा वाटाड्या घेतला म्हणजे विमा उतरला, असे कोणी समजू नये. हिमालय कोणाचाही नातलग नाही. वाटाड्या धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. आणि तोही त्याचे ऐकले तरच.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरची म्हणून बोलतो. वाटेत आमच्यातील काहींनी त्या मुलास पुन्हापुन्हा आडनाव विचारले. आडनाव कशासाठी विचारतात, हे येथे सांगणे न लगे. पहिल्या दोन रात्री आमची पंगत उठल्यावर ती पाच माणसे बाजूला बसून जेवली. ज्या दिवशी तो आमच्या माणसास खाली पोहोचवून वर आला, त्या रात्री कोणी काही न सांगता पंगत एकच बसली आणि आडनावाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. डोंगरात गेल्याने माणूस आपोआप शुद्ध होतो, असे मात्र आमचे म्हणणे नाही. २०२३ च्या जानेवारीत त्याच मोरी भागातील एका गावात, मंदिरात गेल्याबद्दल एका दलित तरुणास मारहाण झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. उच्चनीचता पायथ्याशी आहे, तशी डोंगरातही आहे. ती टाकावयाची तर आपण आपल्या हाताने टाकली पाहिजे. हे आम्ही जातीच्या मंडळात बोलत आहोत, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. किंबहुना येथेच ते बोलले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

म्हणून सभेपुढील सूचनेस आमचा पाठिंबा आहे. मात्र पाच अटींवर. पहिली, जाणाऱ्या प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी व्हावी आणि त्याने निदान दोन महिने चढणीचा सराव करावा. दुसरी, कार्यक्रमात विसाव्याचे दिवस राखून ठेवावेत. रेल्वेचे तिकीट चुकेल म्हणून चढण्याची घाई होऊ नये. तिसरी, स्थानिक वाटाडे व खेचरवाले यांस योग्य मजुरी, ऊबदार कपडे आणि आपल्याच पंगतीत जेवण मिळावे. चौथी, मुलींसही जागा असाव्यात. पाचवी, दर पथकात निम्म्या जागा आपल्या समाजाबाहेरील, फुलंब्रीच्याच गरजू विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात. पाचव्या अटीवर मतभेद होईल, हे आम्ही जाणतो. तरीही जी मुले शाळेत एका बाकावर बसतात, त्यांनी एका तंबूत झोपण्यास हरकत घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आणि जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून निघण्यापूर्वी एक वचन घ्यावे, की वाटाड्या ज्या क्षणी "परत फिरा" म्हणेल त्या क्षणी तो परत फिरेल. मग शिखर समोर दिसत असो, आणि सांगणारा वयाने, पैशाने वा कुळाने कोणीही असो. एवढे एक वचन पाळावयास आपली मुले शिकली, तर मंडळाचा पैसा सत्कारणी लागला असे समजावे.

 आता सूचना मतास टाकावी, अशी अध्यक्ष महाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.