सोबतीची नाव

हवाई बेटांतील मोलोकाई ते ओआहू ही पॅडलबोर्ड शर्यत १९९७ मध्ये सुरू झाली. फळीवर पालथे पडून वा गुडघे टेकून, केवळ हातांनी पाणी कापीत स्पर्धक सुमारे ५१ किलोमीटरांचे अंतर कापून कैवी सामुद्रधुनी ओलांडतात. काही जण उभ्याने वल्हे मारतात. परंतु स्पर्धकासोबत नाव असावीच लागते; हाक ऐकणारे कोणी जवळ हवे.

कुटुंब ही अशीच नाव होय. गतवर्षी बैठकीत असताना वडिलांचा दूरध्वनी आला. ‘नंतर बोलू’ म्हणून मी तो घेतला नाही. सायंकाळी मी फोन केला, तेव्हा शेजाऱ्यांनी उचलला. वडील राहिले नव्हते. त्यांना काय सांगायचे होते, हे आता कळणे नाही.

जनतेच्या हाकेला ओ देणे हे आपले कर्तव्यच. घरच्या हाकेलाही ओ द्यावी, एवढीच विनंती.