घमेलं आपल्या डोक्यावर, थापी कुणाच्या हातात?

गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला घर असतंच. कुणाला स्लॅब टाकायचाय, कुणाला खोली वाढवायचीय. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज आपण घरासाठी काढतो. पण घर बांधायचं शिकलंय कोण, हे कुणी विचारत नाही. आज त्या शिक्षणाविषयी बोलू. त्याला वास्तुकला म्हणतात, म्हणजे आर्किटेक्चर. दार कुठल्या दिशेला असावं हे सांगणारं वास्तुशास्त्र वेगळं, ते आज बाजूला ठेवू.

आपल्या जत भागातली जुनी घरं आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. पाऊस कमी, म्हणून सपाट मातीचं छत चालायचं, आणि उन्हाळ्यात आत गारवा राहायचा. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. गवंड्याचा पोरगा बापाच्या हाताखाली शिकायचा, सुताराचा सुताराच्या. माळवदावर पावसाआधी माती टाकणं, गळती हुडकणं, सारवणं हे बायकांचं. त्याला शिक्षण मात्र कुणी म्हटलं नाही.

कॉलेजातलं शिक्षण मुंबईत सुरू झालं. जे. जे. कला शाळा 1857 सालची. तिथं 1913 साली वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. तिथूनच पेरीन मिस्त्री 1936 साली पदविका घेऊन बाहेर पडल्या. देशातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढं 1972 साली कायदा झाला. नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, असं ठरलं. ते योग्यच. पण गावच्या गवंड्याचं ज्ञान आणि कॉलेजचं ज्ञान यांची गाठ पडायची राहिली.

ती न पडल्याची किंमत किल्लारीत दिसली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि माणसं आपल्याच घराखाली गेली. भिंती जाड होत्या, पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. आतली बाजू आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार लांब दगड भिंतीत नव्हते. वर मातीच्या छताचं ओझं. म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं आम्ही म्हणणार नाही.

पण त्यानंतरची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या शासनाच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर मजबूत कसं करायचं ते त्या आधी स्वतः शिकल्या, मग गावकऱ्यांना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. त्या आपल्यासारख्याच होत्या, महिला मंडळातल्या.

आज आपल्याकडं काय आहे? बांधकामावर बाई असते, पण घमेलं वाहायला. थापी आणि ओळंबा गड्याच्या हातात, आणि मजुरीही त्याचीच जास्त. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी 45 दिवसांचं प्रशिक्षण आहे. ते फक्त पुरुषांचं नाही. पंचायत समितीत गटाच्या नावानं विचारायला हरकत कसली? घरकुल बाईच्या नावावर होतं, मग भिंत ओळंब्यात आहे का, स्लॅबला किती दिवस पाणी मारलं, हे बघणंही बाईला यायला हवं.

आणि आपल्या मुली? वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच, शिवाय नाटा नावाची प्रवेश परीक्षा. म्हणजे निर्णय दहावीनंतरच होतो. 'पोरीला गणित कशाला' म्हणून तिथंच विषय सोडला की ही वाट बंद. कॉलेज सांगली-कोल्हापुरातही आहे. फीचं म्हणाल, तर 2024 पासून शासनाच्या प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बऱ्याच मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे. जात प्रवर्गाची अट बघून घ्या, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. राहण्या-जेवणाचा आणि चित्रांच्या साहित्याचा खर्च मात्र राहतोच. त्यासाठी गटाचं कर्ज द्यायला आम्हाला आवडेल.

उद्याच्या कॉलेजांत जतचा उन्हाळा शिकवला जावा, असं आम्हाला वाटतं. पत्र्याखाली आणि उघड्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही. माळवदाचा गारवा ठेवून भूकंपात न पडणारं, आपल्याला परवडणारं घर कसं असेल? हा प्रश्न माळवदाखाली वाढलेल्या मुलीला जसा कळेल, तसा शहरातल्या मुलाला कळायला वेळ लागेल.

या महिन्याच्या बैठकीत दहावीला असलेल्या मुलींची यादी करू. आयांनी मुलींना सोबत आणावं.